उरलेले साठ फूट

पौषातला तो सोमवार अंधेरीच्या कोठाऱ्यांच्या घरी नेहमीच्याच पावलांनी उजाडला. वसुधा शाल लपेटून दूधकेंद्रावर गेली, रिकाम्या बाटल्या खिडकीतून आत सारल्या आणि चंदेरी झाकणांच्या दोन भरलेल्या बाटल्या छातीशी धरून परतली. काचेवर दव धरले होते. घरी येईपर्यंत तिची बोटे बधिर झाली. सुगंधावहिनीने तोवर शेगडी फुलवून चहाचे आधण ठेवले होते. मागच्या अंगणातला नळ नीट बंद होत नव्हता. त्याची बारीक धार वीतभर खाली आली की तुटे आणि तिचे थेंब होत.

या थेंबांकडे पाहत उभे राहण्याचा वसुधेला लहानपणापासून नाद होता. वर ते एकमेकांना बिलगलेले असत. खाली येताना त्यांच्यामधले अंतर वाढत जाई. पुढचा थेंब मागच्याला टाकून पळतो असे तिला लहानपणी वाटे. मग दादाने, म्हणजे तिच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या जयवंतने, एकदा तिच्याशेजारी उकिडवे बसून सांगितले होते, "पळत नाही गं. तो फक्त आधी निघालाय. पृथ्वी दोघांनाही सारखंच ओढते. याला ती ओढ जास्त वेळ लागली, एवढंच." त्या दिवसापासून वसुधेला जगातली कुठलीही पडणारी, घसरणारी, थांबत येणारी वस्तू पाहिली की तिच्यामागे एक अदृश्य हात दिसे, घाई न करणारा, दर क्षणाला सारखीच भर घालणारा.

"वन्सं, बादली भरून वाहून चालली!" वहिनीचा आवाज आला. "थेंबांचं लग्न लागलं असेल तर चहाला या."

रंगाच्या कारखान्यात केमिस्ट असलेला दादा ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. पूर्वी या वेळेला तो अंगणात असे. दोन वर्षांपूर्वी त्याने विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून जुनी काळी मॉरिस गाडी घेतली होती, आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने तो ती अशी पुसत असे की वहिनी म्हणे, एवढी माया माझ्या वाट्याला आली असती तर मी सोन्याची झाले असते. आता ती गाडी बकुळीखाली जुन्या चादरीखाली उभी होती. चादरीवर फुले पडून सुकत होती. त्यांना कुणी झटकत नव्हते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आरे कॉलनीच्या रस्त्यावर दादाच्या गाडीचा धक्का लागून सहदेव नावाचा माणूस पडला होता. कॉलनीतल्या एका गोठ्यावर तो म्हशी सांभाळत असे. त्याच्या पायाचे हाड मोडले. दादानेच त्याला उचलून गाडीत घातले, इस्पितळात नेले, तीन रविवार संत्री घेऊन भेटायला गेला. फौजदारांना त्याने सांगितले की गाडी ताशी वीस मैलांनी चालली होती, रस्त्यावरच्या पाटीवर लिहिले होते तेवढ्याच वेगाने. माणूस अचानक समोर आला. सहदेवने त्यावर काही वाद घातला नाही. चौकशीचे कागद येत्या आठवड्यात वर जायचे होते. मग ते प्रकरण मिटणार होते.

वसुधेने चहा संपवला, खडूची पेटी पिशवीत टाकली आणि ती निघाली. काल दुपारपासून तिच्या मनात काहीतरी अडकले होते. दातात तीळ अडकावा आणि जिभेला सापडू नये, तसे. काल जेवायला दादाचा बालमित्र नंदकिशोर वकील आला होता. आमटीचा भुरका मारत तो म्हणाला होता, "सुगंधावहिनी, पोलिसांनी तुमच्या नवऱ्याला शर्यतीचा वीरच केला होता! त्यांनी आपली मॉरिस त्याच रस्त्यावर ताशी वीस मैलांनी चालवून पाहिली, करकचून ब्रेक लावला, तर डांबरावर वीस फूट डाग उठला. आणि पंचनाम्यात डाग आहे ऐंशी फूट! फौजदार माझ्या तोंडाकडे बघतोय. मी म्हटलं, साहेब, चौपट डाग म्हणजे चौपट वेग. ताशी ऐंशी मैल! हा खटारा कड्यावरून ढकलून दिला तरी ऐंशी गाठायचा नाही. तो डाग दुधाच्या एखाद्या लॉरीचा असणार. फौजदार हसला. संपलं."

वहिनी हसली होती. वसुधाही वाढता वाढता हसली होती. दादा मात्र ताटातल्या भातात बोटाने आळे करत राहिला होता.

*

मुलींच्या शाळेत अकरावीचा वर्ग तिसऱ्या तासाला भरला. खिडकीबाहेर ताडाची झाडे धुक्यात अर्धी बुडालेली होती. त्यांचे शेंडे कुणी वरून टांगून ठेवल्यासारखे दिसत होते. वसुधेने फळ्यावर आडवी रेघ ओढली.

"हा रस्ता. यावर एक सायकल. ब्रेक लावल्यावर ती काही अंतर जाऊन थांबते. आता तीच सायकल, तोच रस्ता, तोच ब्रेक. फक्त वेग दुप्पट. किती अंतरावर थांबेल?"

"दुप्पट, बाई," पहिल्या बाकावरची शुभा उत्तर देऊन मोकळीसुद्धा झाली. "सोप्पं आहे."

"कशावरून?"

"कशावरून काय? दुप्पट जोरात जातेय ना, मग दुप्पट लांब जाणार. आमचा भाऊ रोज भिंतीवर आपटतो, त्याला विचारा."

वर्ग खिदळला. वसुधाही हसली. "भाऊ आपटतो ते गणित न करता. आपण करून बघू. उत्तर आधी ठरवायचं नाही."

हे वाक्य दादाचे होते. ती आठ वर्षांची असताना त्याने स्वयंपाकघरातला पाट एका बाजूने विटेवर टेकवून उतरता केला होता आणि त्यावरून गोटी सोडली होती. गोटी सोडायची, तोंडाने एक सारखा ताल धरायचा आणि प्रत्येक तालाला गोटी कुठे आहे तिथे खूण करायची. पाटाच्या कडेवर त्याने चाकूने खाचा पाडल्या होत्या: पहिल्या तालाला एक बोट, दुसऱ्याला चार बोटे, तिसऱ्याला नऊ. आजी ओरडली होती, "जेवायचा पाट आहे तो!" पण त्या खाचांत वसुधेला काहीतरी असे सापडले की पुढे ती बी. एस्सी. झाली, शिक्षिका झाली, आणि लग्नाचे पाहू पाहू म्हणता तिशी ओलांडली तरी तिला कधी एकटे वाटले नाही.

मुली वहीत आकडे मांडू लागल्या. वेगाचा वर्ग म्हणजे त्वरणाच्या आणि अंतराच्या गुणाकाराची दुप्पट. ब्रेक तेच, रस्ता तोच, म्हणून वेग कमी होण्याचा दर तोच. वेग दुप्पट, त्याचा वर्ग चौपट.

"अगं बाई," शुभाच म्हणाली. "चौपट!" ती क्षणभर वहीकडे पाहत राहिली आणि मग मान वर करून तिने विचारले, "म्हणजे बाई, उलटं केलं तर? डाग चौपट दिसला, तर वेग दुप्पटच होता?"

वसुधेच्या हातात खडू होता. तिने फळ्याकडे पाहिले आणि फळ्यावरचा रस्ता तिला लांबत गेल्यासारखा दिसला. ताडांच्या, धुक्याच्या पलीकडे, आरेच्या टेकडीपर्यंत. त्यावर एक काळी गाडी उभी होती. ती मागे मागे सरकू लागली, आधी अगदी हळू, मग जरा जोरात, आणि जिथून डाग सुरू होत होता तिथे पोचेपर्यंत तिचा वेग भरून आला. वीस नव्हे. ऐंशीही नव्हे.

"हो," ती म्हणाली. "दुप्पटच. ना कमी, ना जास्त."

चाळीस. तीळ जिभेला सापडला होता.

*

शाळा सुटल्यावर ती घरी न जाता लोकलने जाऊन गोरेगावला उतरली आणि तिथून कॉलनीची बस धरली. रस्ता झाडीतून वळणे घेत वर चढत होता. दुपार कलली होती. उन्हात गवताचा धूर मिसळलेला होता. गोठ्यापाशी उतरून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डांबरावरचा डाग आता फिकट झाला होता, तरी कळत होता: वळणावरच्या जांभळीच्या बराच अलीकडे सुरू झालेल्या दोन करड्या रेघा. त्या थेट गोठ्याच्या फाटकासमोर येऊन थांबल्या होत्या.

ती रेघांच्या सुरुवातीपाशी गेली आणि पावलांनी वीस फूट मोजून उभी राहिली. गाडी पाटीप्रमाणे चालली असती तर इथे थांबली असती. इथे, या चपट्या दगडापाशी. पुढे साठ फूट रस्ता मोकळा उरला असता. वसुधा त्या साठ फुटांतून चालू लागली. रस्त्याच्या या तुकड्यावर काहीच घडायला नको होते. एक माणूस पलीकडे गेला असता, एका गाडीवाल्याने दोन शिव्या दिल्या असत्या, आणि ती सकाळ कुणाच्या लक्षातही राहिली नसती. न घडलेल्या त्या सकाळीतून चालताना तिला आपली पावले वाजत नाहीत असे वाटले.

"बाई, गाडी येतीया! कडेला व्हा!"

लांबून, अगदी लांबून एक लॉरी येत होती. हाक देणारा माणूस फाटकाशेजारच्या ओट्यावर बसला होता. मांडीशी काठी, एक पाय ताठ पुढे टाकलेला. हाक देताना त्याने ओट्याची कड घट्ट धरली होती.

"ती अजून लांब आहे," वसुधा त्याच्यापाशी येत म्हणाली.

"तसंच वाटतं," तो म्हणाला. "मलापन तसंच वाटलं व्हतं."

हाच सहदेव. तिने आपले नाव सांगितले, आपण कुणाची बहीण तेही सांगितले. त्याचा चेहरा उजळला. "सायबांच्या भैन? मालन, अगं सायबांच्या भैन आल्यात! सायब लय भले मानूस. दुसरा असता तर टाकून पळाला असता."

त्याची बायको मालन हंडा कमरेवर घेऊन रस्ता ओलांडून आली. तिने हंडा उतरवला, पदराने तोंड पुसले आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "भले असतील. पर ह्यांचं काय करायचं ते सांगा. पाय जुळला, डाक्टर म्हनतो चाला. नळ पलीकडं हाय. हे काय रस्ता वलांडत नाय. मालकानं म्हशी दुसऱ्याच्या हाती दिल्या."

"बरं केलं त्यानं," सहदेव म्हणाला.

"का?" वसुधेने विचारले.

 काठीने त्याने वळणाकडे दाखवले. "ती जांभळ दिसती? पंध्रा वरसं नाय झाली, पर कालनी वसली तवापासनं मी हितं म्हशी वलांडतो. गाडी जांभळीपाशी असली की निम्मा कळप पार व्हतो. हे मला कुनी शिकवलं नाय, डोळ्याला ठावं झालं. त्या दिशी गाडी जांभळीपाशी व्हती. मी बघितली. नीट बघितली, बाई. एकलाच व्हतो, म्हशी मागं फाटकात. पाय टाकला आन् गाडी हितं." त्याने पायापुढची जमीन काठीने टोचली. "सायब इसाच्या येगानं येत व्हते. पोलीस म्हनाले, वकील म्हनाले. सायब लबाड बोलनार नाय. मंग लबाडी कुनी केली? माझ्या डोळ्यानं. पायाचं काय नाय, पाय जुळतो. पर डोळ्यावर भरवसा नाय तर म्हशींच्या पुढं कसं हुबं ऱ्हायचं?"

"डोळे तपासले का?"

"तपासले की," मालन म्हणाली. "सुईत दोरा ववतात अजून! मी म्हनते, डोळं चांगलं हायेत. तर म्हनतात, तुला काय कळतं."

सहदेव ओशाळून हसला. लॉरी आता जवळ आली, खडखडत पुढे निघून गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत त्याचा हात ओट्याच्या कडेवरून सुटला नाही. वसुधेने तो हात पाहिला. तिला त्याच क्षणी सांगता आले असते. पण जे सांगायचे त्यात दादा होता, आणि दादाला न सांगता त्याच्याविषयी बोलणे तिला चोरीसारखे वाटले.

*

दिवेलागणीला दादा ओटीवर एकटाच होता. वसुधेने स्वयंपाकघरातून तो पाट आणला. वहिनी आता त्यावर बसून भाजी चिरत असे. वसुधेने तो दादाच्या शेजारी ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. दादाने पाटाकडे पाहिले. त्याचा अंगठा आपोआप कडेवरच्या खाचांवरून फिरला. एक, चार, नऊ.

"नंदूचं गणित चुकलंय, दादा."

"हं."

"तुला कालच कळलं होतं."

"काल नाही. फौजदाराने टेप धरली तेव्हाच." तो खाचांवरून अंगठा फिरवतच राहिला. "नंदू बोलला आणि सगळे हसले. मी काही खोटं बोललो नाही तेव्हा. वीस म्हणून आधीच बोलून बसलो होतो, इस्पितळाच्या दारात, घाबरून. नंतर फक्त गप्प राहिलो. गप्प राहणं फार सोपं असतं गं, वसू. काही करावं लागत नाही. गुळगुळीत जमिनीवर गोटी सोडल्यासारखं. आपली आपण चालू राहते."

"किती होता काटा?"

"चाळीस." त्याने अंगणाकडे पाहिले. बकुळीखालची गाडी अंधारात विरत चालली होती. "मी पाहिला होता काटा. पाहून बरं वाटलं होतं, हे कुणाला सांगू? उतार होता. धुकं असं की रस्ता दिसे पण रस्त्याच्या कडा दिसत नसत. गाडीला वजनच नाही असं वाटत होतं. कारखाना, रंगाच्या टाक्या, तपासायचे नमुने, सगळं खाली कुठेतरी राहिलं होतं. मी तरंगत होतो. मग धुक्यातून एकदम तो माणूस..."

"त्याने तुला आधी पाहिलं होतं. जांभळीपाशी. त्याला वाटतं त्याचे डोळे गेले."

"म्हणजे?"

तिने सांगितले. ओट्याची कड धरलेला तो हातही सांगितला. दादा ऐकत राहिला. आत भांडे ठेवल्याचा आवाज झाला आणि सुगंधावहिनी दारात येऊन उभी राहिली. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे.

"मी उद्या फौजदारांकडे जाणार आहे," वसुधा म्हणाली.

"वन्सं!" वहिनी म्हणाली. "यांना आत घालतील का हो? कारखान्यात यांना मोठ्या केमिस्टची जागा द्यायचं चाललंय. हे कळलं तर कोण देईल? आणि त्या माणसाचा पाय तर जुळलाय ना? आता कुणाचं काय भलं व्हायचंय?"

 वहिनीचे म्हणणे चुकीचे होते असे वसुधेला वाटले नाही. ते अपुरे होते. आई गेल्यावर याच वहिनीने तिच्या परीक्षेच्या दिवसांत तिला चुलीजवळ फिरकू दिले नव्हते.

दादा एकदम म्हणाला, "मी तुला शिकवलं ते याच्यासाठी?"

"शिकवताना कशासाठी ते तू सांगितलं नव्हतंस."

तो उठला, पाट उचलून आत घेऊन गेला आणि परत बाहेर आला नाही.  जेवताना वहिनीने वसुधेला नेहमीसारखे दोनदा वाढले, पण तिच्याकडे पाहिले नाही.

पहाटेच्या झोपेत वसुधेला गोटी दिसली. एका अफाट पाटावरून ती उतरत होती, तालाला एक खाच, मग मोठी, मग त्याहून मोठी. गोटीच्या पुढे पाटाला कड नव्हती, धुके होते. तिने गोटीला अडवायला हात पुढे केला आणि जाग आली. नळाचे थेंब पडत होते. तिच्या ध्यानात आले की गोटीला अडवणारा हातही तसाच असतो. एकदम काही करत नाही, दर क्षणाला थोडे थोडे काढून घेतो. कुठेतरी तो लावायला मात्र लागतो.

*

फौजदार साळवी चौकीत चहा बशीत ओतत होते. एक बाई सकाळी सकाळी खडूची पेटी घेऊन आत आलेली पाहून ते गोंधळले.

"बसा, बाई. शाळेत काही चोरी झाली?"

"नाही. आरेच्या रस्त्यावरच्या अपघाताविषयी बोलायचंय. तुम्ही गाडी वीस मैलांनी चालवून पाहिलीत."

"पाहिली. डाग जुळला नाही. तो डागच त्या गाडीचा नव्हे."

"एकदा चाळीसने चालवून पाहा."

"चाळीसने चालवली तर चाळीस फूट उठेल," फौजदार समजावणीच्या सुरात म्हणाले. "इथे ऐंशी आहे."

वसुधा खाली वाकली. चौकीच्या शहाबादी फरशीवर तिने एक फरशी लांबीची रेघ ओढली. तिच्याशेजारी तिने दुसरी रेघ सुरू केली आणि ती एक, दोन, तीन, चार फरश्या ओलांडून फौजदारांच्या बुटांपाशी थांबली. "दुप्पट वेगाला एवढी लागते," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या वर्गातल्या मुलींनीही ठेवला नव्हता. रस्त्यावर करून पाहा."

फौजदारांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला. त्यांनी दोन्ही रेघांकडे बराच वेळ पाहिले, मग तिच्याकडे. "तुम्ही त्या गड्याच्या बाजूने आलात?"

"मी गाडीवाल्यांची बहीण."

"त्यांना ठाऊक आहे, तुम्ही इथे आलात ते?"

"ठाऊक आहे. मला हे त्यांनीच शिकवलं."

तिने हातावरची खडूची भुकटी झटकली आणि ती शाळेला गेली.

*

रविवारी सकाळी आरेच्या रस्त्यावर हवालदाराने दोन्ही बाजूंची वाहने थांबवली. गाडी दादाच चालवणार होता. फौजदारांनी त्याला निरोप पाठवला तेव्हा त्याने एवढेच विचारले होते, "मीच चालवली तर चालेल?" सगळा आठवडा तो वसुधेशी बोलला नव्हता. आज गाडीवरची चादर काढताना मात्र त्याने चादरीचे एक टोक तिच्याकडे दिले होते, आणि दोघांनी मिळून बकुळीची सुकी फुले झाडून ती घडी केली होती.

फौजदार काट्यावर नजर ठेवायला दादाच्या शेजारी बसले. सहदेव आणि कमरेवर रिकामा हंडा घेतलेली मालन ओट्यापाशी उभी होती. वसुधेने त्याला फक्त एवढेच सांगितले होते, "गाडी दोनदा येईल. तुम्ही बघा."

धुके पातळ झाले होते. जांभळीपाशी काळी गाडी दिसली आणि सावकाश, ऐटीत येऊन थांबली.

"ही नाय," सहदेव म्हणाला. "ह्या चालीनं तर माझा समदा कळप पार झाला असता."

गाडी मागे वळून धुक्यात गेली. काही वेळ नुसती पाखरे बोलत होती. मग ती पुन्हा जांभळीपाशी आली, आणि आवाज पोचण्याआधीच, ब्रेक किंचाळण्याआधीच, सहदेव काठी आपटत एक पाऊल मागे सरला होता.

"हीच!" तो ओरडला. "मालन, हीच! अशीच आली व्हती! बघितलंस? मी सांगितलं व्हतं का न्हाय, मी नीट बघितलं व्हतं?"

"मला कुठं सांगितलंत? तुमीच म्हनत व्हता डोळं गेलं," मालन म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

रबराचा जळका वास पसरला. फौजदार उतरले, टोपी काढून पुन्हा घातली. वसुधेने टेपचे टोक ताज्या डागाच्या सुरुवातीला दाबून धरले. ती तिथेच उकिडवी बसून राहिली. दुसऱ्या टोकाकडे पाहायला गेली नाही. दादा टेप उलगडत उलगडत चालत गेला. साठ फुटांचा तो मोकळा तुकडा त्याने पायाखाली घातला, शेवटी गुडघ्यावर बसला आणि आकड्यावर वाकला. तो काय वाचणार हे तिला ठाऊक होते, आणि तरीही ठाऊक नव्हते.

"अठ्ठ्याहत्तर," दादाचा आवाज आला. खणखणीत, पाटाशेजारी खाचा मोजताना यायचा तसा. "लिहून घ्या, साहेब. गाडी चाळीसने होती. त्या दिवशीही."

हवालदाराने वाहने सोडली. वळणाकडून एक दूधवाल्याची सायकल येत होती. ती जांभळीपाशी होती. सहदेवने मालनच्या कमरेवरचा रिकामा हंडा काढून घेतला, सायकलीकडे एकदा पाहिले, काठी टेकली आणि रस्त्यावर पाय टाकला.